लाल आकड्याचा मेळ

जुन्या पेढ्यांवर सकाळच्या टपालाची एक ठराविक रीत असे. टपालवाला गठ्ठा गादीवर ठेवून जाई. मुनीमजी एकेक पत्र फोडून वाचीत, आवक बारनिशीत त्याची नोंद करीत आणि उत्तर गेल्यावर ते पत्र भिंतीवरच्या तारेत खोवीत. गादीवर पडलेले पत्र म्हणजे काम बाकी आणि तारेवर गेलेले पत्र म्हणजे काम झाले, हे दाराशी उभ्या असलेल्या हमालासही एका दृष्टिक्षेपात कळे. किती पत्रे वाचावयाची राहिली हे सांगण्यासाठी तिसऱ्या कोणा साक्षीदाराची गरज नसे.

आज तो साक्षीदार आपणा प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनच्या पडद्यावर ई-मेलचे जे चिन्ह असते त्याच्या कोपऱ्यावर लाल वर्तुळात एक आकडा दिसतो, आणि इतकी पत्रे वाचावयाची आहेत असा त्याचा दावा असतो. परंतु ही साक्ष नेहमी खरी निघते असे नाही. कधी सर्व पत्रे वाचून झाली तरी तीनाचा आकडा हटत नाही. कधी महत्त्वाचे पत्र येऊन दोन दिवस लोटले तरी ना घंटा वाजते ना आकडा उमटतो. सभासद बंधूंच्या तोंडून या तक्रारी आम्ही इतक्या वेळा ऐकल्या, आणि स्वतः एकदा असे पोळलो, की यंदाच्या स्मरणिकेत सोयाबीनच्या भावाऐवजी याच विषयावर लिहावे असे ठरविले.

पोळल्याची हकीगत प्रथम सांगतो. आमची मूळ पेढी देवासला आणि दुसरे दुकान धारला, मध्ये इंदूर धरून शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. दोन्ही ठिकाणी ई-मेलचा पत्ता एकच. देवासला तो पेढीवरच्या संगणकात बसविलेला, धारला धाकट्या बंधूंच्या फोनवर. गतवर्षी पावसाळ्यात वस्तू व सेवा कर कार्यालयाकडून आमच्या विवरणपत्रांतील आकड्यांच्या तफावतीबद्दल ‘एएसएमटी-१०’ नमुन्यातील विचारणा त्या पत्त्यावर आली. खुलाशाला तीस दिवसांची मुदत होती. सव्विसाव्या दिवशी आमच्या करसल्लागारांनी दुसऱ्याच कामाकरिता पोर्टल उघडले आणि विचारले, “शेठजी, याचे उत्तर कधी देणार?” कशाचे, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. पुढील तीन दिवस व तीन रात्री पेढीवर कोणी पोटभर जेवले नाही. खुलासा वेळेत गेला, तफावत एका बिलाच्या दुहेरी नोंदीची निघाली आणि प्रकरण तेथेच मिटले. परंतु पत्र दोन्ही ठिकाणी पोहोचले असता एकानेही ते वाचले कसे नाही, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

शोध घेतला तेव्हा जे आढळले ते असे. धारच्या फोनवर लाल आकडा ११४३ होता. महिनोन्‌महिने तो वाढतच होता, आणि बंधूंनी त्याकडे पाहणे केव्हाच सोडले होते. अकराशे त्रेचाळीसाचे अकराशे चव्वेचाळीस झाले तर कोणाच्या ध्यानी येणार? देवासच्या संगणकावर याच्या उलट. तेथे आकडा शून्य! कारण ‘आउटलुक’मध्ये यादीतील पत्रावर ठळक पट्टी नेली की बाजूच्या चौकटीत ते उघडते, आणि पुढच्या पत्रावर सरकताच मागील पत्र ‘वाचले’ म्हणून नोंदले जाते. आमच्या कारकुनाने बाणाची कळ दाबीत वीस पत्रे ओलांडली, त्यात ही विचारणाही ओलांडली गेली. एक साक्षीदार सतत ओरडणारा म्हणून कोणी ऐकेना, दुसरा खोटे बोलून गप्प.

आमच्या देवासकरांना यातील मर्म समजणे अवघड जाऊ नये. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत या एकाच गावात पवारांच्या थोरल्या पातीचा एक दरबार व धाकट्या पातीचा दुसरा दरबार नांदत होता. हमरस्त्याच्या दोन बाजूंचा कारभार वेगळा, पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगळी, अशी वर्णने आढळतात. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात येथल्या दिवसांची हकीगत दिली, आणि या दुहेरी कारभाराची नवलाई दूरदेशी पोहोचली. गाव एक, दफ्तरे दोन. एका दफ्तरातील नोंद दुसऱ्याला बंधनकारक नाही. आमच्या ई-मेलच्या पत्त्याची अवस्था नेमकी हीच होती.

याचे कारण असे की सर्व्हरवरून पत्र आणण्याच्या दोन निराळ्या पद्धती आहेत. ‘पॉप’ ही जुनी; तिची पहिली आवृत्ती १९८४ सालची आणि आज चालते ती तिसरी, १९८८ची. या पद्धतीत संगणक सर्व्हरवर जातो, पत्रे उचलून आणतो आणि आपल्याजवळ ठेवतो. पत्र वाचले की नाही हे सर्व्हरला सांगण्याची सोयच त्या पद्धतीत नाही. दुसरी ‘आयमॅप’. ती १९८६ साली स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी रचली. तिच्यात मूळ पत्र सर्व्हरवर राहते आणि प्रत्येक पत्रावर ‘पाहिले’ ही खूणही तेथेच उमटते. कोणत्याही यंत्रावरून पाहा, खूण एकच. मूळ वही सर्व्हरवर आणि बाकी यंत्रे म्हणजे तिच्या नकला, असा हा प्रकार. आमचा देवासचा संगणक फार वर्षांपूर्वी कोणी ‘पॉप’वर बसवून दिला होता, धारचा फोन ‘आयमॅप’वर. देवासला वाचलेले धारला कधीच वाचलेले दिसणार नव्हते.

तेव्हा ज्यांच्या घरी वा पेढीवर एकच पत्ता दोन-तीन यंत्रांवर आहे, त्यांनी प्रथम एवढेच पाहावे की सर्व यंत्रे ‘आयमॅप’वर आहेत किंवा नाहीत. खात्याच्या सेटिंगमध्ये हा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो. ‘पॉप’ आढळल्यास तेच खाते बदलता येत नाही, ‘आयमॅप’ म्हणून नव्याने जोडावे लागते. येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ‘पॉप’ खाते काढून टाकण्यापूर्वी ‘सर्व्हरवर प्रत ठेवावी’ या अर्थाच्या चौकटीत खूण होती का, हे पाहून घ्यावे. ती नसेल तर जुनी पत्रे केवळ त्या संगणकातच आहेत, सर्व्हरवर त्यांची नक्कल नाही. खाते व त्याची फाईल काढून टाकणे म्हणजे मागील दहा वर्षांच्या चोपड्या जाळण्यासारखे होईल. फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्यावाचून हात लावू नये.

मेळ घालताना आपण काय करतो? आपला रोजमेळ व बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवतो, आणि वाद पडल्यास मूळ नोंद पाहतो. येथेही तेच. फोनवरच्या आकड्याशी झटापट करण्यापूर्वी संगणकाच्या ब्राउझरमध्ये आपले खाते उघडावे, कारण तेथे दिसते ती सर्व्हरवरची मूळ वही. जीमेल असल्यास वरच्या शोधाच्या चौकटीत ‘इज’, त्यास लागून कोलनचे दोन टिंब आणि त्यास लागून ‘अनरीड’ असे, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी लिपीत लिहावे. खात्यातील प्रत्येक न वाचलेले पत्र समोर येते. केवळ स्पॅम व कचराकुंडीतली येत नाहीत. ती वेगळी उघडून पाहावी. यादी पाहताना अनेकांस आश्चर्य वाटेल. जीमेलने २०१३ सालापासून इनबॉक्सचे कप्पे केले आहेत. ‘प्रमोशन्स’, ‘सोशल’, ‘अपडेट्स’ या कप्प्यांत शेकडो पत्रे पडून असतात व आपण ‘प्रायमरी’ तेवढा पाहून उठतो. शिवाय एकाच विषयावरील उत्तर-प्रत्युत्तरे एका ओळीत गुंफली जातात. त्यांतील मधलेच एक पत्र न उघडलेले राहिले तर सगळी ओळ न वाचलेली ठरते.

यादीतील सर्व पत्रे एका झटक्यात ‘वाचली’ अशी नोंदविण्याची सोय तेथेच आहे. वरच्या चौकटीत खूण केली की आधी त्या पानावरचीच पत्रे निवडली जातात, नंतर शोधात सापडलेली सर्व पत्रे निवडावयाची का असा प्रश्न येतो. परंतु घाई करू नये. आमच्या अकराशे त्रेचाळिसांवरून आम्ही दोन संध्याकाळी डोळे फिरविले. त्यांत जाहिराती किती आणि संवत्सरीनंतरची क्षमापनेची पत्रे किती, ते मोजले नाही. पण एका जुन्या गिऱ्हाइकाचे मालाबद्दलचे तक्रारपत्र निघाले, आठ महिन्यांपूर्वीचे. त्याने पुन्हा आमच्याकडे माल का मागितला नाही, हे तेव्हा कळले.

इतके करूनही बंधूंच्या आयफोनवर तीन हा आकडा शिल्लक राहिलाच. ब्राउझरमध्ये शून्य, फोनवर तीन. आयफोनच्या ‘मेल’मध्ये पेट्यांच्या यादीत ‘एडिट’ दाबून ‘अनरीड’ नावाची पेटी खूण करून घेता येते. तिच्यात सर्व खात्यांतील न वाचलेली पत्रे एकत्र दिसतात. त्या पेटीत पाहिले तो एक पत्र दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यातले. उरलेली दोन यादीच्या अगदी तळाशी, १ जानेवारी १९७० अशी तारीख धारण करून बसलेली! त्या काळी आमच्या दुकानात फोनसुद्धा नव्हता. याचा उलगडा असा की पुष्कळ यंत्रे काळाची मोजणी त्याच दिवसापासून करतात, आणि ज्या पत्राची तारीख नीट उतरली नाही त्याच्या वाट्याला शून्य येते. ही पत्रे म्हणजे अर्धवट उतरलेली भुते. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडताच ती नाहीशी झाली. इतक्यानेही आकडा हटला नाही तर फोन बंद करून सुरू करावा. मग ‘सेटिंग्ज’मधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये त्या ॲपचे ‘बॅजेस’ बंद करून पुन्हा चालू करावे. आणि अखेरीस खाते फोनमधून काढून नव्याने घालावे. खाते ‘आयमॅप’ असल्यास यात भीती नाही, मूळ वही सर्व्हरवर सुरक्षित असते. कित्येकांच्या फोनवर ‘मेल’ व ‘जीमेल’ ही दोन्ही ॲपे एकाच पत्त्यावर चालतात व दोन निरनिराळे आकडे दाखवितात. त्यांतील एकाचा आकडा बंद करणे शहाणपणाचे.

आता दुसरी तक्रार : पत्र येते, पण सूचना येत नाही. पत्र आपल्यापर्यंत तीन प्रकारे येऊ शकते. टपालवाला स्वतः दारी येतो. किंवा आपण पोराला तासातासाने पोस्टात पाठवितो. किंवा आपणच सवड झाली की जातो. फोनमध्ये पहिल्या प्रकारास ‘पुश’, दुसऱ्यास ‘फेच’ आणि तिसऱ्यास ‘मॅन्युअल’ म्हणतात. आयफोनवर अन्य ॲपांसाठी ‘पुश’ची सोय २००९ साली आली. परंतु जीमेलचे खाते आयफोनच्या स्वतःच्या ‘मेल’मध्ये घातले असेल तर टपालवाला दारी येत नाही, त्यासाठीची जुनी सोय गूगलने सामान्य ग्राहकांच्या नव्या जोडण्यांकरिता जानेवारी २०१३ अखेर बंद केली. तेथे पोरालाच पाठवावे लागते. आणि पोराला किती वेळाने पाठवावयाचे हे ‘फेच न्यू डेटा’ या ठिकाणी ठरते. तेथे ‘ऑटोमॅटिकली’ अशी निवड असेल, तर फोन चार्जिंगला लावलेला व वाय-फायवर असतानाच पत्रे पार्श्वभूमीत आणली जातात. दिवसभराची सर्व पत्रे रात्री एकदम कोसळतात अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हेच पाहावे व तेथे पंधरा मिनिटांची निवड करावी. किंवा जीमेलचे स्वतःचे ॲप वापरावे, त्यास ‘पुश’ मिळते.

अँड्रॉइड फोनची जात निराळी. तेथे चिन्हावर पुष्कळदा आकडा नसून नुसता ठिपका असतो, आणि तो न वाचलेल्या पत्रांचा नव्हे तर वरच्या पट्टीत पडून असलेल्या सूचनेचा निदर्शक असतो. सूचना बोटाने बाजूला सारली की ठिपका जातो, पत्र मात्र न वाचलेलेच राहते. ही सोय २०१७च्या आठव्या आवृत्तीपासूनची. ठिपका नाही म्हणजे पत्र नाही, असे या फोनवर कधीही समजू नये.

सूचना येतच नसतील तर कारण बहुधा बॅटरीच्या काटकसरीत सापडते. २०१५च्या सहाव्या आवृत्तीपासून, फोन काही काळ न हलविता पडून राहिला की ॲपे झोपविली जातात. काही कंपन्यांचे फोन याहून कडक, न वापरलेल्या ॲपांना गाढ निद्रेत घालणारे. त्या ॲपच्या ‘बॅटरी’ या कलमात जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे, ‘डेटा सेव्हर’ चालू असल्यास ॲपला त्यातून सूट द्यावी. २०२२च्या तेराव्या आवृत्तीपासून ॲप प्रथम उघडताना सूचना देऊ का म्हणून परवानगी मागते, आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना आपण घाईत ‘नको’ दाबून मोकळे होतो! तीही पाहावी. जीमेलच्या आत प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिंक जीमेल’ची खूण असावी, सूचनांपुढे ‘ऑल’ असावे आणि ‘नोटिफाय फॉर एव्हरी मेसेज’ चालू असावे.

पेढीवरच्या संगणकांविषयी दोन शब्द. विंडोजमधील ‘मेल’ नावाचे जे साधे ॲप पुष्कळांकडे होते, त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी काढून घेतला. त्यानंतर त्यातून पत्र येत नाही व जात नाही. ज्यांच्या संगणकात ते अजून चिन्हरूपाने आहे आणि ज्यांना हल्ली पत्रे कमी येतात असे वाटते, त्यांनी याचा विचार करावा. ब्राउझरमध्ये जीमेल वापरणाऱ्यांनी ‘डेस्कटॉप नोटिफिकेशन्स’ चालू केल्यासच सूचना येते, तीही जीमेलचे पान उघडे असेल तरच. ‘आउटलुक’मध्ये आम्ही केलेला बदल एकच : पुढच्या पत्रावर सरकताच मागील पत्र वाचल्याची नोंद करणारी खूण ‘रीडिंग पेन’च्या पर्यायांतून काढून टाकली. कारकुनाने आठवडाभर कुरकुर केली. असो.

याखेरीज जागा भरण्याचा प्रकार आहे. गूगल पंधरा जीबी जागा विनामूल्य देते, परंतु तीत पत्रांबरोबर छायाचित्रे व ड्राइव्हवरील कागदही मोजले जातात. लग्नाच्या चित्रफितींनी जागा भरली की नवी पत्रे पाठविणाऱ्याकडे परत जातात. मग आकडा उमटणार कोठून? तसेच परवलीचा शब्द एका यंत्रावर बदलला की बाकीची यंत्रे मुकाट्याने बाहेर राहतात, सही बदलूनही बँकेस न कळविल्याप्रमाणे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप एका लाल ठिपक्यापायी कशाला? त्याचे उत्तर केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम १६९ मध्ये आहे. नोटीस बजावण्याच्या ज्या रीती तेथे मान्य केल्या आहेत, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर संदेश पाठविणे ही एक आहे आणि पोर्टलवर नोटीस उपलब्ध करून देणे ही दुसरी. आपण पत्र उघडले की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या विचारणेस तीस दिवस तरी होते. नोंदणी रद्द का करू नये अशी ‘आरईजी-१७’ ही नोटीस आल्यास उत्तराला कामकाजाचे सातच दिवस मिळतात. कित्येक सभासदांच्या नोंदणीत पत्ता स्वतःचा नसून पूर्वीच्या हिशेबनिसाचा आहे, तो नोकरी सोडून गेला तरीही. तो पत्ता पोर्टलवर बदलून घेता येतो. फोनचा आकडा कितीही चोख असला तरी ज्या पत्त्यावर पत्र जाते तोच आपला नसेल तर सारे व्यर्थ. आणि आठवड्यातून एकदा पोर्टल उघडण्याचा कंटाळा करू नये.

१८९७ साली धार संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटे काढली. १९०१पर्यंत ती चालली. आमच्या धारच्या दुकानात अशा एका तिकिटाचे चित्र चौकटीत लावलेले आहे. बंधूंचा फोन आता त्याच चौकटीखालच्या कोनाड्यात चार्जिंगला असतो. संध्याकाळी रोकड मोजून झाली की ते देवासला फोन लावतात आणि दोन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांस सांगितले जातात. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी धारला एकोणीस होते व देवासलाही एकोणीस. उघडून पाहिले तो सतरा शुभेच्छा, एक जाहिरात आणि एक गोदामाच्या विम्याची मुदत संपत असल्याचे पत्र. हप्ता त्याच रात्री भरला.